दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेची कैफियत

एखाद्या वादकवृंदाने पहिल्याच ध्वनिमुद्रिकेने लौकिक संपादन करावा, श्रोत्यांनी तो ध्वनी आपलाच मानून वर्षानुवर्षे जतन करावा, आणि मग निघालेल्या पुढच्या मुद्रिकेत त्याच मंडळींनी वाद्ये, लय, उच्चार, किंबहुना गाण्याचा सारा पोतच पालटून टाकावा, हा प्रकार रॉक संगीताच्या साठ-सत्तर वर्षांच्या इतिहासात इतक्या वेळा घडला आहे की त्याविषयीच्या फिर्यादींचे आणि कैफियतींचे एक स्वतंत्र दप्तरच थाटावे लागेल. फिर्याद श्रोत्यांची असते. ज्या आवाजावर आमचे प्रेम जडले तो आवाज आमचा झाला, त्यावर आमची वहिवाट आहे, आणि तो परस्पर मोडीत काढण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असा तिचा एकूण आशय. कलावंतांची कैफियत अशी की, जे एकदा गाऊन झाले ते पुन्हा गाणे म्हणजे स्वतःचीच नक्कल करणे होय. समीक्षकांपैकी निम्मे नावीन्याची बाजू घेतात, निम्मे निष्ठेची, आणि प्रकरण मुदतीवर मुदत घेत चालू राहते.

हा आढावा बिदर-कलबुर्गीच्या सरहद्दीवर बसून घेण्यास कारण आहे. रॉकच्या बँडांची वर्दळ आमच्या भागात कधी नव्हती. परंतु चाल बदलली म्हणजे माणूस बाटला, असे मानण्याची सवयही आमच्या कानांना कधी जडली नाही. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे गेले आणि बिदर, भालकी, हुमनाबाद दुसरीकडे राहिले. पण हुमनाबादेजवळच्या माणिकनगरात दत्तजयंतीच्या उत्सवाला येणारा गवई कोणत्या सरकारच्या हद्दीतला, याची चौकशी कोणी केली नाही. माणिकप्रभूंनी (1817–1865) मराठी, कानडी, हिंदी आणि संस्कृत अशा भाषांतून पदे रचली आणि ती म्हणणाऱ्यांनीही एका भाषेतून दुसऱ्या भाषेत शिरताना कधी आवंढा गिळला नाही. बसस्थानकासमोरच्या कॅसेटच्या टपरीवर प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलगीते, कानडी सिनेमातली गाणी आणि बंदेनवाजांच्या उरुसात ऐकू येणाऱ्या कव्वाल्या एकाच फळीवर मांडलेल्या असत. अशा मुलखात वाढलेल्या श्रोत्याला ‘मूळ आवाज’ ही कल्पनाच थोडी संशयास्पद वाटते, आणि मला वाटते, या प्रश्नाचा विचार करताना तो संशय उपयोगी पडतो.

प्रथम पश्चिमेकडील परिस्थिती पाहिली पाहिजे, कारण प्रश्न तिकडून आलेला आहे आणि तो ज्या शब्दांत मांडला जातो ते शब्दही तिकडचेच. तेथे पहिल्या मुद्रिकेत बँडच्या उमेदवारीच्या साऱ्या वर्षांची शिल्लक खर्ची पडते. पोरवयात सुचलेल्या, तळघरात आणि गॅरेजात घासूनपुसून घेतलेल्या आणि लहानसहान कार्यक्रमांत पारखलेल्या गाण्यांपैकी निवडक तेवढी तिच्यात येतात. पुढच्या मुद्रिकेसाठी मात्र कंपनी वर्ष-दीड वर्षाची मुदत देते, तीही गावोगावच्या दौऱ्यांत निघून जाते, आणि करारनाम्याचा तगादा दारात उभा राहतो. म्हणजे बदल पुष्कळदा प्रतिभेच्या उन्मेषाने होत नाही, शिल्लक संपल्यामुळे होतो. हे कारण समीक्षेत फारसे येत नाही, कारण ते उदात्त नाही.

यशाचे ओझे हे दुसरे कारण. अमेरिकेतील ‘निर्वाणा’ या त्रिकुटाची ‘नेव्हरमाइंड’ ही मुद्रिका सप्टेंबर 1991 मध्ये निघाली आणि त्यांना स्वतःलाही अपेक्षित नव्हते इतके लोक त्यांच्यामागे लागले. त्यानंतरच्या ‘इन यूटेरो’साठी त्यांनी स्टीव्ह अल्बिनी या, ध्वनीला साबण लावून चकाकी आणण्याचा तिटकारा असलेल्या ध्वनिमुद्रकाला बोलाविले आणि फेब्रुवारी 1993 मध्ये मिनेसोटातील एका आडबाजूच्या स्टुडिओत मुद्दाम खरखरीत, ओरखडे उठविणारा आवाज मुद्रित केला. पुढे त्यांतली काही गाणी स्कॉट लिट याच्याकडून पुन्हा मिसळून घेण्यात आली, हेही सांगितले पाहिजे. बंड करणाऱ्यालाही शेवटी तडजोडीचा कागद लिहून द्यावा लागतो. ‘रेडिओहेड’ने 1997 च्या ‘ओके कॉम्प्युटर’नंतर तीन वर्षांनी ‘किड ए’ काढली तेव्हा ज्या गिटारींसाठी लोक त्यांना ओळखत होते त्या बहुतेक बाजूला ठेवल्या, आणि तरीही ती अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आली. या साऱ्यांचा मूळपुरुष बॉब डिलन. 25 जुलै 1965 रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांत गलका उडाला. पुढच्या वर्षी मँचेस्टरला एकाने भर सभागृहात त्याला ‘जुडास’ म्हणून संबोधले. वहिवाटीचा दावा इतक्या स्पष्ट भाषेत क्वचितच मांडला गेला असेल.

या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे: बदल करणाऱ्यापाशी सोडून जाण्यासारखे काहीतरी स्वतःचे होते. डिलनने जे टाकले ते त्याने आपल्या समाजाच्या परंपरेतून उचललेले होते. निर्वाणाने जे नाकारले ते त्यांच्याच यशाने निर्माण झालेले होते. आपल्याकडील बँडांना हा हिशेब लागू होत नाही. आपल्याकडे पहिली मुद्रिका बहुधा उसन्या आवाजात असते आणि बदल म्हणजे घर सोडणे नसून घर शोधणे असते. म्हणून निष्ठा आणि नावीन्य ही पश्चिमेची दोन वजने आपल्या तराजूत टाकली की निवाडा हटकून चुकतो. पुढे जे काही लिहीत आहे ते या एका म्हणण्याच्या आधारे.

मात्र आपल्या परंपरेत हा प्रश्न अगदीच नवा नाही. मराठी संगीत नाटक मंडळी ही आजच्या अर्थाने बँडच होती: ठरलेले नट, ठरलेले साथीदार, गावोगावचे मुक्काम, आणि प्रेक्षकांच्या तोंडी बसलेली पदे. धारवाड-बेळगावच्या मुलखातील गुर्लहोसूर हे ज्यांचे गाव त्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’ने 1882 मध्ये साकी-दिंडी, बायकांच्या गाण्यांच्या आणि कर्नाटकी चाली घरोघर नेल्या. त्याच किर्लोस्कर मंडळीने 1911 मध्ये खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी त्यात पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा लडिवाळपणा आणला. आणि 1913 मध्ये बालगंधर्वांनी स्वतंत्र मंडळी काढल्यानंतर 1916 च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदे बांधली. चौतीस वर्षांत तीन ध्वनी. साकी-दिंडीवर पोसलेल्या प्रेक्षकाला ‘स्वयंवर’ परके वाटावयास हरकत नव्हती; पण बालगंधर्वांचा गळा तोच होता, शब्दाला गोंजारून स्वराच्या हवाली करण्याची त्यांची लकब तीच होती, आणि त्या ओळखीच्या हाताला धरून प्रेक्षक ख्यालाच्या दालनात शिरला. बदल किती झाला यापेक्षा त्या बदलात काय अढळ राहिले, हे पाहणे अधिक फलदायी असते ते यामुळे. मल्लिकार्जुन मन्सूरांचेही तसेच: मिरजेच्या नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम घेऊन, ध्वनिमुद्रिका निघून, नाव झाल्यावर त्यांनी 1935 च्या सुमारास मंजीखाँसाहेबांचा गंडा बांधला आणि जयपूर-अत्रौलीच्या पेचदार लयीत आपले सारे गाणे नव्याने घातले. आज मन्सूरांनी ग्वाल्हेरशी द्रोह केला असे म्हणणारा एकही रसिक मला भेटलेला नाही.

आता मुंबईच्या ‘रॉक मशीन’कडे वळू, कारण हिंदुस्थानातील या प्रश्नाचा सर्वांत बोधप्रद दस्तऐवज तोच आहे. 1984 मध्ये हा बँड स्थापन झाला. गिटारवर महेश तिनईकर, बासवर मार्क सेल्विन, आणि पुढे गाण्यासाठी उदय बेनेगल. त्या काळी महाविद्यालयांच्या महोत्सवांत बँडाने परदेशी गाणी हुबेहूब वाजवावीत अशीच अपेक्षा असे. जो जितका मुळाबरहुकूम तो तितका श्रेष्ठ, आणि स्वतःचे गाणे म्हणणाऱ्याकडे लोक, याला आपले काय पडले आहे, अशा नजरेने पाहत. ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली म्हणजे 1988 मध्ये ‘रॉक एन रोल रेनिगेड’ ही संपूर्ण स्वरचित गाण्यांची मुद्रिका काढणे हे केवढे धाडस होते ते कळते. तरीही ती गाणी ज्या आवाजात होती तो आवाज परदेशातील तत्कालीन हार्ड रॉकचा होता: उंच पट्टीतला गळा, धावत्या बोटांची गिटार, छातीवर थाप मारल्यासारखे ड्रम. 1990 च्या पुढच्या मुद्रिकेला त्यांनी ‘द सेकंड कमिंग’ असे भारदस्त नाव दिले. पण दुसरे आगमन त्या दुसऱ्या मुद्रिकेत झालेच नाही. ते व्हावयास आणखी काही वर्षे जावी लागली. 1993 मध्ये मंडळींनी बँडाचे नावच बदलून ‘इंडस क्रीड’ केले आणि 1995 मध्ये त्याच नावाची मुद्रिका काढली. तिच्यात एतद्देशीय तालांना जागा होती, कीबोर्डांचा विस्तार होता आणि गाण्यांची घडण सैलसर, विचारी होती.

मध्यंतरी काय घडले? माझा तर्क असा की, या बदलाचे श्रेय काही अंशी गच्चीवरच्या थाळीसारख्या अँटेनाला द्यावे लागेल. 1991 पासून उपग्रह वाहिन्या आल्या, एमटीव्ही घरात आले, आणि जो परदेशी बँड पूर्वी एखाद्याच्या मामाने आणलेल्या कॅसेटवरच ऐकावयास मिळे तो दिवसाढवळ्या दिवाणखान्यात नाचू-गाऊ लागला. तोवर हिंदुस्थानी रॉक बँड हा परदेशी रॉकचा येथील मुखत्यार होता. धनी स्वतःच हजर झाल्यावर मुखत्यारपत्राला किंमत उरली नाही. त्यातच ‘नेव्हरमाइंड’ने साऱ्या जगात उंच पट्टीचा हार्ड रॉक एका हंगामात म्हातारा करून टाकला. म्हणजे उसनवारी करायची तरी कोणाकडून, असा पेच उभा राहिला, आणि तो सोडविताना या मंडळींना स्वतःकडे पाहणे भाग पडले. कारण व्यावहारिक असेना, त्यातून निपजलेले संगीत खरे होते. पुढे 1997 च्या सुमारास बँड विसर्जित झाला. बेनेगल आणि बँडातलेच जयेश गांधी यांनी ‘आम्स फॉर शांती’ या नावाने भारतीय अंगाचा प्रयोग आणखी पुढे नेला. आणि 2010 मध्ये ‘इंडस क्रीड’ने पुन्हा एकत्र येऊन 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ ही मुद्रिका काढली, तिच्यात पुन्हा वेगळाच आवाज.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. तबला ठेवला, सतारीचा एक झंकार दिला, म्हणजे बँड स्वदेशी झाला, ही समजूत नव्वदीनंतर इतकी बोकाळली की कित्येक मुद्रिका ऐकताना कोणी कोटावर उपरणे घेतल्याचा भास होतो. परदेशी महोत्सवांचे व्यवस्थापक असा वेष मागतात, हेही त्याचे एक कारण. आवाज स्वतःचा झाला की नाही याची परीक्षा वाद्यांच्या यादीवरून होत नाही. शब्द लयीवर कोठे पडतो, श्वास कोठे घेतला जातो, यावरून होते. उलट बाजूचे उत्तम उदाहरण मुंबईचेच ‘पेंटाग्राम’. 1996 ची त्यांची ‘वी आर नॉट लिसनिंग’ गिटारींच्या जोरावर उभी होती. सहा वर्षांनी, 2002 मध्ये आलेली ‘अप’ यंत्रजन्य तालांच्या, इलेक्ट्रॉनिक ध्वनींच्या दुनियेत गेली. तिच्यात भारतीयत्वाचा कोणताही देखावा नव्हता. गायक विशाल ददलाणी त्या काळात शेखर रावजियानींच्या जोडीने हिंदी चित्रपटांना संगीत देऊ लागले होते. संगणकावर ताल रचण्याची, आवाज थरांनी चढविण्याची सवय तेथली. जुने श्रोते गिटारींसाठी हळहळले असतील, परंतु मुंबईसारख्या यंत्राच्या लयीत जगणाऱ्या शहराचा आवाज मला ‘अप’मध्ये पहिल्या मुद्रिकेपेक्षा अधिक ऐकू येतो. 2005 मध्ये इंग्लंडातील ग्लास्टनबरी महोत्सवात हा बँड वाजला तो या नव्या आवाजाच्या आधारे.

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ची गोष्ट याहून निराळी. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी 1990 मध्ये सुरू केलेल्या या बँडाची पहिली मुद्रिका 1993 मध्ये एचएमव्हीने काढली. दुसरी, ‘डेझर्ट रेन’, स्टुडिओत न होता 1997 मध्ये दिल्लीत ‘सहमत’ या संस्थेच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर मुद्रित झाली. बंद खोलीतली सफाई गेली आणि तिच्या जागी एकमेकांचा अंदाज घेत वाजविणाऱ्या चार माणसांचा जिवंतपणा आला. मध्यंतरी बासवादक राहुल राम, जे नर्मदेच्या खोऱ्यातील आंदोलनात वावरले होते, तिकडची गाणी घेऊन आले होते. 2000 च्या ‘कंदिसा’त केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतील प्रार्थनागीतही त्याच सहजतेने मिसळले. येथे बदल हा निर्णय नव्हताच. नवी माणसे, नवे मुलूख आणि नवी गाणी येत गेली तसतसा प्रवाह रुंदावत गेला.

आमच्या भागाला सर्वांत जवळचे उदाहरण रघु दीक्षितांचे. जन्म नाशिकचा, वाढ म्हैसूरची, आणि गाणी कानडी, हिंदी, इंग्रजी. त्यांची पहिली मुद्रिका 2008 मध्ये निघाली ती विशाल-शेखर या जोडीच्या ‘काउंटर कल्चर’ या संस्थेतर्फे; म्हणजे पेंटाग्रामच्या गायकाचा हात येथेही पोहोचलेला आहे. या मुद्रिकेत शिशुनाळ शरीफसाहेबांचे गुडगुडीचे पद आहे. शरीफ (1819–1889) हे माणिकप्रभूंचे समकालीन, गोविंदभट्ट या ब्राह्मण गुरूचे मुसलमान शिष्य. हुक्क्याच्या धुरावर देह, प्राण आणि मोक्ष यांचा रोकडा हिशेब मांडणारे हे पद उत्तर कर्नाटकातले भजनी लोक एकतारी आणि खंजिरीवर निवांतपणे, ओळीओळीला मान डोलवीत म्हणतात. नागाभरणांच्या 1990 च्या ‘संत शिशुनाळ शरीफ’ या चित्रपटाने आणि सी. अश्वत्थ यांच्या चालींनी शरीफांची पदे शहरी कानडी घरांत स्थिर केली, आणि ज्याच्या कानावर अश्वत्थ बसले आहेत त्याला दीक्षितांची चाल पहिल्या खेपेला दांडगाई वाटते: गिटारीचा करकरीत ठोका, त्यावर चढणारे व्हायोलिन, आणि दम लागेपर्यंत धावणारा गळा. पण बारकाईने ऐकावे. कानडी शब्दाचा पहिल्या अक्षरावरचा भार त्यांनी कोठेही सरकविलेला नाही. ठोका नेमका तेथेच पडतो जेथे खंजिरीची थाप पडली असती. बालगंधर्वांच्या बाबतीत गळा जसा अढळ राहिला तसा येथे शब्दाचा उठाव अढळ राहिला आहे, आणि त्याच्या बळावर सारा साज बदलूनही पद शरीफांचेच राहते.

गंमत अशी की दीक्षितांवरची फिर्याद पुढे उलट दिशेने येऊ शकते. 2013 ची ‘जग चंगा’ ही त्यांची दुसरी मुद्रिका अधिक भरघोस, अधिक श्रीमंत साजाची आहे, परंतु माझ्या मते तिच्यात आवाजाचा नवा शोध थोडा आहे आणि सापडलेल्या आवाजाचा उपभोग अधिक. ज्याला पहिल्याच खेपेला घर सापडले त्याने लगेच दुसरे का शोधावे, हेही खरेच. अशा स्थैर्याचे मराठीतले उदाहरण म्हणजे नव्वदीच्या अखेरीस मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांनी काढलेला ‘गारवा’ आणि त्यामागोमाग आलेला ‘सांज गारवा’. नावापासून आवाजापर्यंत सारे पहिल्याच्या सावलीत. आमच्याकडच्या टपऱ्यांवर पावसाळ्यात ‘गारवा’ अखंड वाजे. मराठी श्रोत्याला पावसाची तीच झड पुन्हा हवी होती, तेव्हा ती पुरविण्यात कोणताही अपराध नाही. मात्र ‘सांज गारवा’ची आठवण काढताना लोक ‘गारवा’चीच गाणी गुणगुणतात, हा जुन्या वाटेवर राहण्याचा खर्च आहे आणि तो खात्यात मांडला पाहिजे.

एक पक्ष या आढाव्यात अद्याप यावयाचा आहे, तो व्यापाऱ्याचा. कॅसेटच्या काळात बदल महाग होता. दुकानदार नवी मुद्रिका ऐकून घेत नसे, जुनीच्या खपावर अंदाज बांधून मागणी नोंदवीत असे; माल पडून राहिला तर पुढच्या खेपेस त्या बँडाचे नाव काढीत नसे. लहान गावी हे अधिकच. एकदा विकत घेतलेली कॅसेट परत होत नसल्यामुळे फसगत झाल्याची भावना श्रोत्याच्या मनात खऱ्या पैशाच्या हिशेबाने उत्पन्न होई, आणि वहिवाटीच्या दाव्यामागे पुष्कळदा हा पस्तीस-चाळीस रुपयांचा रागही असे. समीक्षकांना कॅसेट फुकट मिळत असल्याने त्यांना तो कळला नाही.

2010 मध्ये ‘इंडियन ओशन’ने ‘16/330 खजूर रोड’ ही मुद्रिका काढली. नाव करोलबागेतील त्यांच्या सरावाच्या जुन्या बंगल्याचा पत्ता. आणि वाटपाची रीत अशी की, दरमहा एक गाणे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता यावे. असीम चक्रवर्ती आदल्या वर्षीच्या डिसेंबरात निवर्तले होते, त्यांचा आवाज या गाण्यांत शेवटचा ऐकू येतो. आता बहुतेक बँड एकेक गाणेच सोडतात. भालकीच्या महाविद्यालयातला मुलगा ते मोबाइलवर ऐकतो, न आवडल्यास पुढे सरकतो, आणि चार महिन्यांनी तोच बँड दुसऱ्या आवाजात आला तर आदला आवाज कोणता होता हे त्याला आठवावे लागते. पैसा गुंतलेला नाही, वाट पाहिलेली नाही, तेव्हा दावा लावावयास कोणी पुढे येत नाही. बँडांना पूर्वी कधी नव्हती एवढी मोकळीक यामुळे मिळाली आहे. आणि भर सभागृहात उठून कलावंताला विश्वासघातकी म्हणण्याइतका त्याच्या आवाजावर हक्क सांगणारा श्रोताही त्यांनी जवळजवळ गमावला आहे. डिलनला यांपैकी काय पसंत पडले असते, सांगणे कठीण आहे; मँचेस्टरच्या त्या आरोपाला त्याने आपल्या साथीदारांना आणखी मोठ्याने वाजवावयास सांगून उत्तर दिले होते.